ऐंशी पानांची धास्ती

नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला संशोधन प्रकल्प असतो. तिसऱ्या सत्रात ४ क्रेडिट, चौथ्यात ६. पंधरा मार्कांच्या प्रश्नाला चार पानं, यापलीकडे ज्यांनी बी.ए.पर्यंत काही लिहिलेलं नाही, अशा आमच्यासारख्यांसाठी एके दिवशी विभागाच्या फळ्याशेजारी नोटीस लागते. विषय ठरवा, आराखडा द्या, मार्गदर्शकांची सही घ्या. आणि सगळ्यात खाली, बारीक अक्षरात: किमान ८० पानं.

नोटीस वाचून आमच्या वर्गात हशा पिकला होता. कुणीतरी म्हणालं, फॉन्ट मोठा घेऊ. हसण्यात मीही होते.

विषय मला चटकन मिळाला. १९७२चा दुष्काळ आणि सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातली दुष्काळी कामं. मी माणचीच, दहिवडीपासून थोडं आत आमचं गाव. माझी आजी बहात्तर साली खडी फोडायला होती. आमच्या गावात साठीच्या पुढच्या कुणालाही विचारा, माणसं आपलं वय 'दुष्काळात मी एवढा होतो' असंच सांगतात. माझ्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, "घरातच साधन आहे तुझ्या, भाग्यवान आहेस." बाकीचे विषय शोधत वणवण फिरत होते, तेव्हा माझा आराखडा मंजूर होऊन आला होता. आता फक्त लिहायचं होतं.

ही जी 'फक्त लिहायचं' अवस्था आहे, तिथे मी अडकले. आणि गंमत अशी, की भीती भीतीसारखी आलीच नाही. ती कामाचं सोंग घेऊन आली. मी झेरॉक्स काढत होते. पुणे विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात बसून रोजगार हमी योजनेवर जे जे सापडेल ते ते घेत होते. फोल्डर केले, फोल्डरात फोल्डर केले, पिवळ्या टॅबा मूळ साधनांना आणि हिरव्या दुय्यम साधनांना अशी व्यवस्था लावली. सदाशिव पेठेतल्या ज्या अभ्यासिकेत मी बसायचे तिथे सगळा एमपीएससीचा जमाव. माझ्या टेबलावरचा तो ढीग पाहून शेजारची मुलगी एकदा दबकत म्हणाली, "ताई, राज्यसेवेची नवी बुकलिस्ट आहे का ही?" तिला काय सांगणार! त्या ढिगात मी स्वतः लिहिलेली एक ओळही नव्हती.

वर्डची फाइल उघडली की मी पहिलं वाक्य लिहायचे. 'प्रस्तुत लघुप्रबंधामध्ये १९७२ च्या दुष्काळाचा चिकित्सक अभ्यास करण्यात आलेला आहे.' मग वाटायचं, करण्यात कुठे आलाय? खोडायचं. मग 'करण्याचा प्रयत्न'. मग 'नम्र प्रयत्न'. तास गेलेला असायचा. नमुन्यादाखल वाचलेले सगळे प्रबंध याच भाषेत लिहिलेले होते. त्यांत कुणी कधी चालत नव्हतं, जेवत नव्हतं, 'असे निदर्शनास येते' एवढंच होत होतं. या भाषेत मला दोन वाक्यांच्या वर विचारच करता येत नव्हता. ८० पानं कुठून करणार?

रात्रीचं वेगळं. दोनच्या सुमाराला जाग यायची आणि डोक्यात हिशेब सुरू व्हायचा: इतके दिवस राहिले, भागिले इतकी पानं. पोटात गोळा. कूस बदलायची, पुन्हा तोच हिशेब, फक्त दिवस एकाने कमी. सकाळी मेसमधला चहा घशाखाली उतरत नसे. मॅडमचा फोन नंबर स्क्रीनवर दिसला की मी मोबाइल पालथा ठेवायचे, आणि त्यांचा मेसेज न उघडता वरच्या वर जेवढा दिसतो तेवढाच वाचायचे, म्हणजे निळी खूण जाणार नाही. आईचा फोन आला की तिचा एकच प्रश्न: "झालं का गं तुझं ते पुस्तक?" पुस्तक! मी म्हणायचे, होतंय. बाबांना मागून ऐकू यायचं आणि ते ओरडून विचारायचे, "छापणार कधी?"

वर्गातल्या ग्रुपवर कुणीतरी रोज 'प्रकरण २ डन' असं टाकायचं. त्या ग्रुपला मी म्यूट केलं, तरी दिवसातून दहा वेळा उघडून पाहायचेच.

एका रात्री छातीत इतकं धडधडायला लागलं की मी होस्टेलच्या गच्चीवर जाऊन बसले. रूममेट गावी गेली होती. कॉलेजच्या भिंतीवर टेलि-मानसचं पोस्टर होतं, १४४१६ हा नंबर लक्षात राहण्यासारखा होता. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२मध्ये सुरू केलेली ही सेवा. चोवीस तास, फुकट, आणि मराठीत बोलता येतं. मला लाज वाटत होती. लोक तिथे खऱ्या दुःखाने फोन करत असतील आणि मी सांगणार काय, तर प्रस्तावना सुचत नाही. तरी लावला. पलीकडच्या बाईंनी प्रबंधाबद्दल आधी विचारलंच नाही. झोप किती होते, जेवण कसं आहे, हे किती दिवस चाललंय, घरी कुणाला सांगितलंय का, असं शांतपणे विचारत गेल्या. मग म्हणाल्या, "तुमच्या मॅडमना हे माहीत आहे का?" मी म्हटलं, नाही, त्यांना तर अजिबात कळता कामा नये. त्या म्हणाल्या, "का बरं?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. फोनने जादू झाली नाही. पण त्या रात्री झोप लागली, आणि सोमवारी मी विभागात गेले.

मॅडमच्या केबिनमध्ये मी सगळं धडाधडा बोलून टाकलं. फोल्डर, टॅबा, नम्र प्रयत्न, सगळं. मला वाटलं होतं त्या चिडतील किंवा समजूत घालतील. त्यांनी दोन्ही केलं नाही. ड्रॉवरमधून आखीव फुलस्केपची एक गड्डी काढून माझ्यापुढे सरकवली.

"प्रस्तावना शेवटी लिहायची असते. तुला कुणी सांगितलं पहिलं प्रकरण पहिलं लिहायचं? घरी जा. आजीशी बोल. जे बोलेल ते हाताने लिहून आण. दर सोमवारी चार वाजता दोन पानं. वाईट असली तरी चालतील, पण पानं पाहिजेत."

"मॅडम, पण ते संशोधन कसं होईल?"

"ते मी बघते. तू पानं आण."

मी गावी गेले. संमतिपत्राचा नमुना छापून नेला होता, मौखिक इतिहासाच्या तासाला शिकवल्याप्रमाणे. आजीने तो कागद हातात घेतला, उलटा-सुलटा पाहिला आणि म्हणाली, "सही कशापायी? मस्टरवर केला तेवढा अंगठा बास झाला." मग मी मोबाइलचं रेकॉर्डिंग सुरू केलं आणि माझा तयार केलेला पहिला प्रश्न विचारला: दुष्काळी कामांचा स्त्रियांच्या जीवनमानावर काय परिणाम झाला?

आजी बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. "काय इचारतीस ते मला कळंना."

प्रश्नावली मी बाजूला ठेवली. म्हटलं, आजी, खडी कशी फोडायची?

यावर ती जी सुरू झाली ती दिवेलागणीपर्यंत. अंगणात जाऊन एक काळा दगड घेऊन आली. डाव्या हाताच्या अंगठ्याला आणि तर्जनीला सायकलच्या ट्यूबचं रबर कसं गुंडाळायचं, हे तिने पदराची चिंधी गुंडाळून दाखवलं. दगड मांडीशी कसा धरायचा, हातोडा वरून नाही तर तिरका कसा मारायचा, नाहीतर कपची डोळ्यात जाते. तिच्या डाव्या अंगठ्याचं नख वाकडं आणि जाड आहे, हे मी लहानपणापासून बघत आलेय. ते त्या कामावरचं आहे हे मला त्या संध्याकाळी कळलं. खडीचा ढीग लावायचा, मग मुकादम येऊन माप घ्यायचा, ब्रासवर मजुरी. शंभर घनफुटांचा एक ब्रास, हे मला नंतर कागदपत्रांत सापडलं. आजीला घनफूट माहीत नव्हतं, पण ढीग केवढा लागतो हे तिने अंगणात पावलं टाकून दाखवलं. ढीग आतून पोकळ लावणारी एक बाई होती म्हणे, तिचं नाव सांगून आजी तोंडाला पदर लावून हसली. दुपारी सुकडी, म्हणजे कोरडा पौष्टिक खाऊ, वाटायचे. पोरं आधी पळायची. रेशनवर तांबडी मिलो ज्वारी मिळायची, अमेरिकेची. तिची भाकरी थापताना फुटायची आणि खाल्ली की घसा ओढायची.

"त्यात काय लिवायचं?" शेवटी आजी म्हणाली. "दगडं फोडली, प्वाट भरलं."

ते सगळं मी फुलस्केपवर उतरवलं, जसंच्या तसं. सोमवारी चार वाजता दोनाऐवजी पाच पानं नेली. मॅडमनी लाल पेन घेतलं नाही, पेन्सिल घेतली. वाक्यं सुधारली नाहीत. फक्त समासात ठिकठिकाणी दोन शब्द लिहिले: 'कुणी सांगितलं?' मुकादम पैसे खायचा, असं मी लिहिलं होतं. कुणी सांगितलं? आजीने. तसं लिही. गावात निम्मी माणसं कामावर होती. कुणी सांगितलं? कुणीच नाही, मला वाटलं. मग काढ, नाहीतर शोध.

हा प्रश्न मला मानवला. 'मला लिहिता येतं का' या प्रश्नाला रात्री दोन वाजता उत्तर नसतं. 'हे कुणी सांगितलं' याला असतं. ते एखाद्या कपाटात असतं, एखाद्या म्हातारीकडे असतं, किंवा ते नाही हे तरी कळतं. तळटीप हा प्रकार मला आधी नुसता जाच वाटायचा. आता एकेका वाक्याखाली तळटीप गेली की त्या वाक्याचं ओझं माझ्या एकटीच्या डोक्यावर राहत नसे.

मग मी ते ढीग पुन्हा उपसले, पण आता शोधायला म्हणून. त्या काळातल्या दैनिकांच्या बांधीव फायली चाळल्या. कागद इतका ठिसूळ की पान उलटताना कोपऱ्याचा भुगा टेबलावर पडतो. ग्रंथालयातल्या काकांनी मला पान दोन्ही तळहातांवर घेऊन उलटायला शिकवलं. १९७० ते १९७३ अशी सलग तीन वर्षं पावसाने दगा दिला आणि ७३च्या मे महिन्यात राज्यभरात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. आजीच्या डोक्यात फक्त तिच्या गँगमधल्या बाया होत्या.

वि. स. पागे हे नाव मी एम.ए.ला येईपर्यंत ऐकलं नव्हतं, याचं आता नवल वाटतं. सांगली जिल्ह्यातले, विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती, मागेल त्याला काम ही कल्पना त्यांनी लावून धरली. दुष्काळ संपल्यावरही त्यातून आलेली रोजगार हमी योजना राहिली, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९पासून तो लागू झाला. देशभर तसा कायदा यायला २००५ उजाडलं.

पण मला सगळ्यात जास्त आनंद ज्या शोधाने झाला तो फारच किरकोळ होता. योजनेसाठी पैसा कुठून आणायचा, तर शहरातल्या नोकरदार-व्यावसायिकांवर कर बसवून. १९७५चा व्यवसाय कर तो हाच. माझा चुलतभाऊ हिंजवडीत नोकरी करतो. त्याला फोन करून पगाराची स्लिप मागवली. दर महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २५००. "हे कशाचे कापतात कधी विचारलंस का रे?" म्हटलं. "कुणाला ठाऊक, पीटी म्हणतात," तो म्हणाला. मी त्याला पागे, माण, खडी, सगळं ऐकवलं. तो म्हणाला, "म्हणजे आजीच्या खडीचे पैसे अजून माझ्याकडून घेतायत होय!" हे वाक्य मी प्रबंधात घालायचा हट्ट धरला होता. मॅडमनी पेन्सिलने वर्तुळ केलं आणि काढलं. अजूनही मला वाटतं ते राहायला हवं होतं.

त्या दिवशी मी जेवायला विसरले, तेही धास्तीने नाही.

धास्ती संपली असं मात्र समजू नका. ती दर रविवारी संध्याकाळी यायचीच. फरक इतकाच की सोमवारी चार वाजता तिला जायला एक ठिकाण होतं. आणि मॅडम आजारी पडल्या त्या आठवड्यात पानंही पडली नाहीत, हेही खरं. दुसऱ्या कुणाला दर सोमवारी मॅडम मिळतीलच असं नाही; आमच्याच वर्गातल्या काहींना मार्गदर्शकांची भेट फक्त सहीपुरती मिळाली. ते कसे लिहीत होते कोण जाणे.

आमच्यातल्या एका मित्राने वेगळा मार्ग काढला होता. त्याचा विषय पेशवाईतली डाकव्यवस्था. त्याने एआयला विचारलं, संदर्भग्रंथ सांग. एआयने लेखक, प्रकाशक, साल, पृष्ठसंख्येसकट अशी झकास यादी दिली की आम्ही सगळे जळलो. त्यातलं एक पुस्तक काढायला तो ग्रंथालयात गेला. कॅटलॉगमध्ये नाही. दुसऱ्या ग्रंथालयात नाही. शेवटी एका जुन्या ग्रंथपालांनी चष्मा वर करून त्याला सांगितलं, "बाळ, हे प्रकाशकच त्या साली नव्हते." त्यानंतर तोही सोमवारी माझ्यासोबत मॅडमच्या दारात बसायला लागला, मार्गदर्शक दुसरे असूनही.

शेवटचा महिना टायपिंगने खाल्ला. मी युनिकोडमध्ये टाइप केलेलं. डीटीपीवाल्या काकांना श्रीलिपीत पाहिजे, कारण त्यांचा सगळा साचा त्यात बसवलेला. बदलताना रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसले, 'कार्य'चं काय झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि तळटीपांचे आकडे सगळे एकने सुरू. पुन्हा युनिकोड. डावीकडे बाइंडिंगसाठी दीड इंच समास, दीड ओळीचं अंतर. मग साम्य तपासणी, म्हणजे मजकूर दुसरीकडून उचललाय का ते बघणं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांप्रमाणे १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं. मी स्वतः लिहिलेलं असूनही रिपोर्ट येईपर्यंत जीव टांगणीला. आला तेव्हा पाहिलं, तर रंगवलेल्या भागात बहुतेक कायद्याचं पूर्ण नाव आणि 'प्रमाणपत्र देण्यात येते की' हा मजकूर. प्रमाणपत्र तर सगळ्यांचं सारखंच असणार! प्रस्तावना मी त्या रिपोर्टनंतर, अगदी शेवटी, एका बैठकीत लिहिली. 'नम्र प्रयत्न' त्यात नाही.

पानं ८०च्या बरीच वर गेली. मॅडमनी त्यातली काही कापायला लावली, आणि जी पानं जमवायला मी रात्री जागले होते ती आता सोडवेनात.

काळ्या रेक्झिनवर सोनेरी अक्षरं छापून आली आणि मग व्हायवा. बहिस्थ परीक्षक मोठे गंभीर दिसत होते. पानं उलटत थेट सुकडीवर आले. "सुकडी कशाची होती?"

"सर, आजी म्हणते गव्हाची. शेजारच्या काकू मक्याची सांगतात. दोन्ही तळटीपेत दिलंय."

"आणि तुमचं मत?"

"मी खाल्लेली नाही सर."

मॅडम खिडकीबाहेर बघायला लागल्या. परीक्षक क्षणभर थांबले आणि हसले. मग गावातला पाझर तलाव, पाणी जमिनीत मुरावं म्हणून दुष्काळी कामावर बांधलेला. "तुम्ही प्रत्यक्ष पाहिलात? पाणी थांबतं का त्यात अजून?" मी म्हटलं, गाळाने निम्मा भरलाय, पण खालच्या विहिरींना मार्चपर्यंत पाणी राहतं असं शेतकरी सांगतात. कोण शेतकरी, किती विहिरी, बांध कुणी घातला, मस्टर कुठे ठेवलेत, ते विचारत गेले आणि मी सांगत गेले. मग त्यांनी प्रबंध मिटला आणि आपल्या आईचं सांगायला लागले. ती सांगोल्याकडे नालाबंडिंगच्या कामावर होती, ते स्वतः सुकडीच्या रांगेत उभे असायचे. "गव्हाची नव्हती," ते ठामपणे म्हणाले, "मक्याचीच." मॅडमनी दोनदा घड्याळ पाहिलं.

बाहेर आले तर माझा डाकव्यवस्थेवाला मित्र कॉरिडॉरमध्ये येरझाऱ्या घालत होता. पुढचा नंबर त्याचा.

"एवढा वेळ? काय विचारलं?"

"पाझर तलाव," मी म्हटलं. "आणि सुकडी."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "हे कुठल्या प्रकरणात येतं?"